दिनविशेष पाडण्याची कला : नवशिक्यांसाठी

दिनविशेष लिहायला अक्कल लागत नाही, असं लोक म्हणतात. ते खरं असलं तरी शिस्त लागते. वर्षाचे दिवस ३६५, लीप वर्ष असेल तर ३६६; म्हणजे एकदा कंबर कसून ३६६ तुकडे लिहून ठेवले की उरलेलं आयुष्य मोकळं. दर वर्षी तीच फाइल उघडायची, वर्षभरात गेलेल्यांची भर घालायची आणि मजकूर पुढे सरकवायचा. पूर्वी हे काम, ज्याच्यावर अग्रलेखही सोपवता येत नाही आणि बाजारभावही सोपवता येत नाहीत, अशा उपसंपादकाकडे असायचं. आता ते पहाटे पाचला उठून ग्रुपवर फुलांची चित्रं टाकणाऱ्या प्रत्येक काकांकडे आहे. स्पर्धा वाढली आहे, म्हणून हे मार्गदर्शन.

सरावासाठी १ जून घेऊ. तारीख मुद्दाम निवडली आहे. महाराष्ट्रात इतकी गजबजलेली तारीख दुसरी सापडायची नाही. ही गर्दी कुणी जमवली, ते पुढे येईलच.

पाठ पहिला : गोळा करणे

पहिल्या बैठकीत काहीही वगळायचं नाही. सापडेल ते उतरवून घ्यायचं.

१५३३ साली इंग्लंडात ॲन बोलीनचा राज्याभिषेक झाला. (तीन वर्षांनी तिचा शिरच्छेद झाला, पण तो १९ मेला, आपल्या हद्दीत येत नाही.) १८३१ साली जेम्स क्लार्क रॉस यांना उत्तर चुंबकीय ध्रुव सापडला. १८४२ साली सत्येंद्रनाथ टागोर जन्मले. १८६९ साली एडिसनना पहिलं पेटंट मिळालं, तेही मतं नोंदवणाऱ्या विजेच्या यंत्राचं. कायदेमंडळाच्या सभासदांनी ते घेतलं नाही, कारण मतदान झटपट उरकलं तर घोळ घालायला वेळ कुठून मिळणार? १८७४ साली ईस्ट इंडिया कंपनी बरखास्त झाली. १९२६ साली मेरिलिन मन्रो आणि १९२९ साली नर्गिस यांचा जन्म. १९३० साली डेक्कन क्वीन सुरू झाली, १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था, १९४८ साली पहिली एसटी. १९५५ साली अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा अमलात आला. १९६८ साली हेलन केलर गेल्या. १९८० साली अमेरिकेत सीएनएन ही चोवीस तास बातम्यांची वाहिनी सुरू झाली, आणि तेव्हापासून जगात रोजच काहीतरी घडतं. १९९६ साली देवेगौडा पंतप्रधान झाले, त्याच दिवशी माजी राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी वारले. १९९८ साली गो. नी. दांडेकर गेले. २००१ साली काठमांडूच्या राजवाड्यात राजा वीरेंद्र यांच्यासह राजघराण्याचं हत्याकांड झालं. २०१७ साली महाराष्ट्रात शेतकऱ्यांचा संप सुरू झाला.

एवढं जमलं की नवशिका हरखून जातो. त्याला वाटतं, इतिहास बसून १ जूनचीच वाट बघत होता. असं वाटणं हा या धंद्यातला पहिला आजार आहे. दुसऱ्या पाठात त्याचं औषध आहे.

पाठ दुसरा : घडलेलं आणि ठरवलेलं

वरची यादी पुन्हा बघा. त्यात दोन जातींच्या गोष्टी आहेत. काही घडलेल्या आहेत, काही ठरवलेल्या. हेलन केलर आणि गोनीदा कुणाला विचारून गेले नाहीत. रॉस यांची चुंबकसूची बर्फात ज्या दिवशी उभी राहिली तो दिवस १ जून निघाला, एवढंच. पण डेक्कन क्वीन १ जूनला सुरू ‘झाली’ नाही. ती १ जूनला सुरू करायचं असं एका कचेरीत ठरलं. एसटीचं तसंच. अस्पृश्यता कायद्याचं तसंच. त्याच्यावर राष्ट्रपतींची सही ८ मेला झाली होती, अंमल १ जूनपासून. संशोधन संस्थेचं तसंच.

कारण उघड आहे. सरकारला, रेल्वेला आणि हिशेबनिसाला महिन्याची पहिली तारीख आवडते. पगारपत्रक स्वच्छ राहतं, वेळापत्रक छापायला सोपं जातं, खतावणीत मधूनच रेघ मारावी लागत नाही. तेव्हा नवशिक्याने पहिला नियम पाठ करावा : पहिल्या तारखांना संस्था जन्मतात, मधल्या तारखांना माणसं. १ जानेवारी, १ एप्रिल, १ मे, १ जुलै अशा तारखांचे दिनविशेष संस्थांनी तुडुंब भरलेले असतात आणि २३ तारखेच्या दिनविशेषात कुठल्याही महामंडळाचं उद्घाटन सापडायची मारामार.

म्हणून डेक्कन क्वीन आणि एसटी या महाराष्ट्राच्या दोन लाडक्या गाड्यांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो, याला ‘विलक्षण योगायोग’ म्हणू नये. फार तर ‘दोन्हीकडचे कारकून नीटनेटके होते’ म्हणावं.

तपशील मात्र भरपूर द्या, वाचकाला तेच हवे असतात. डेक्कन क्वीन जीआयपी रेल्वेची. विजेवर चालणारी, कारण कल्याण-पुणे मार्गाचं विद्युतीकरण आदल्याच वर्षी पुरं झालं होतं. सुरुवातीला सात-सात डब्यांच्या दोन गाड्या होत्या. एक रुपेरी, तिला किरमिजी पट्टे; दुसरी गडद निळी, तिला सोनेरी रेघा. डब्यांचे सांगाडे विलायतेतले आणि वरचं बांधकाम माटुंग्याच्या कारखान्यातलं. आजही दर १ जूनला पुणे स्टेशनवर इंजिनाला हार घालून केक कापतात. इंजिन तो खात नाही, त्यामुळे पासधारकांची सोय होते.

एसटीच्या बाबतीत तुम्हाला पहिला खड्डा लागेल. पहिली बस पुण्याहून नगरला गेली की नगरहून पुण्याला आली? दोन्ही लिहिलेलं सापडतं, आणि लिहिणारा कुठल्या गावचा यावर बरंच अवलंबून असतं. बस बेडफर्डची, लाकडी बॉडीची, तीस आसनांची. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. एवढ्यावर एकमत आहे. दिशेसाठी ‘पुणे-नगर मार्गावर’ असं लिहावं. जोडरेघेला दिशा नसते आणि दोन्ही जिल्ह्यांतले वाचक टिकतात. (आता नगरचं अहिल्यानगर झालं आहे. तिथेही वाचक आहेत, विसरू नका.)

याच जागी पडताळणीचा नियम सांगून ठेवतो. एखादी गोष्ट तीन ठिकाणी सापडली म्हणजे ती खरी ठरत नाही. बहुधा तिघांनी ती एकाच चौथ्याकडून उचललेली असते, आणि तो चौथा म्हणजे तुमचाच गेल्या वर्षीचा मजकूर असतो.

पाठ तिसरा : कोणतं कॅलेंडर?

हा पाठ कठीण आहे. ज्यांना लवकर प्रसिद्ध व्हायचं आहे त्यांनी तो ओलांडून पुढे जावं. बहुतेक जण तेच करतात.

तारीख एकच असते ही समजूत फार उशिराची. पोप तेराव्या ग्रेगरीने १५८२ साली कॅलेंडर दुरुस्त केलं, आणि रोममध्ये ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर उजाडला. पोर्तुगीज कॅथलिक, त्यांनी ते लगेच मानलं. इंग्रज प्रॉटेस्टंट, त्यांनी १७५२ पर्यंत मानलं नाही. आता याचा आपल्याशी संबंध बघा. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई बेट इंग्रजांकडे होतं आणि खाडीपलीकडचं वांद्रे पोर्तुगीजांकडे. माहीमहून होडीत बसून वांद्र्याला उतरलेला माणूस कागदोपत्री दहा दिवस पुढे गेलेला असायचा. परत येताना ते दहा दिवस त्याला परत मिळायचे. होडीवाल्याला याचा पत्ता नव्हता, कारण तो तिथी पाळायचा.

शिवराज्याभिषेकाचं उदाहरण घ्या, कारण ते आपल्या तारखेपासून पाचच दिवसांवर आहे आणि कधी ना कधी तुमच्या वाट्याला येणारच. तिथी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन तेव्हा रायगडावर हजर होता. त्याच्या कॅलेंडरप्रमाणे ती तारीख ६ जून १६७४. तीच सकाळ गोव्याच्या पोर्तुगीज दफ्तरात १६ जूनची. आज आपण सगळे जे कॅलेंडर भिंतीवर लावतो ते गोव्यातल्या त्या पोर्तुगिजांचं. पण तारीख साजरी करतो ऑक्झेंडनची. शिवजयंतीच्या १९ फेब्रुवारी १६३० या तारखेलाही हाच हिशेब लावला तर ती १ मार्च होते. हे गणित सोपं आहे, कुणीही पडताळून बघावं. पण ग्रुपवर टाकू नये. रायगडावर तिथीचाही सोहळा होतो आणि तारखेचाही, दोन्हीकडे माणसं मनापासून जातात, आणि दोन्हींपैकी एकालाही खगोलशास्त्राची शिकवणी नको आहे.

शेक्सपिअर आणि सर्व्हान्तेस २३ एप्रिल १६१६ या एकाच दिवशी गेले, हे वाक्य तुम्ही दर वर्षी वाचता. इंग्लंडचा तो २३ एप्रिल स्पेनच्या २३ एप्रिलनंतर दहा दिवसांनी आला. पण ‘एकाच दिवशी’ हे शब्द काढले तर बातमीत काय उरतं? दोन माणसं वारली. तेव्हा वाक्य राहू द्या.

नेपाळचं प्रकरणही इथलंच. राजवाड्यातल्या हत्याकांडाला आपण १ जून म्हणतो. तिथे विक्रम संवत चालतं. त्यांच्या लेखी तो जेठ १९. म्हणजे ज्यांच्या घरात ते घडलं, त्यांच्या दिनविशेषात ते आपल्या तारखेला नसतंच.

पाठ चौथा : योगायोग तयार करणे

दिनविशेषाला फोडणी योगायोगाची. ती कशी द्यायची, एक नमुना दाखवतो.

शिवराज्याभिषेकाला कंपनीचा वकील नजराणा घेऊन गडावर आला, ते वर्ष १६७४, महिना जून. ईस्ट इंडिया कंपनी कायमची बरखास्त झाली १ जून १८७४ ला. आता लिहा : ‘ज्या कंपनीने छत्रपतींपुढे मान तुकवली, ती बरोबर दोनशे वर्षांनी धुळीला मिळाली. काळाचा न्याय!’ टाळ्या नक्की. यात खोटं एकच आहे, ‘बरोबर’. पाच दिवस कमी पडतात आणि कॅलेंडरचे दहा वेगळे. ते कुणी मोजत नाही.

खरी हकीकत याहून मजेदार आहे, पण तिच्यात उद्गारचिन्ह बसत नाही. १८७४ मध्ये कंपनीकडे धुळीला मिळवण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं. राज्य १८५८ सालीच राणीकडे गेलं होतं, फौजा गेल्या होत्या, व्यापार तर त्याआधीच बंद झाला होता. उरले होते भागधारक आणि त्यांचा ठरलेला लाभांश. पार्लमेंटने १८७३ साली कायदा करून भागधारकांचा हिशेब मिटवला, आणि १ जूनला कंपनी संपली. प्लासी, असई, खडकी इथे लढलेली कंपनी अखेर एका व्याजाच्या तक्त्यात वारली. माझ्या मते यादीतली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे. छापताना मात्र तिला अर्धी ओळ मिळते, कारण फोटो कशाचा लावणार?

मन्रो आणि नर्गिस या जोडीला फोटो आहेत. दोघी रुपेरी पडद्यावरच्या, एकच वाढदिवस, दोघींचं आयुष्य अकाली संपलं. लिहिणाऱ्याच्या हाताला इथे खाज सुटते. सुटू द्या, पण एक आकडा लक्षात ठेवा : कुठलीही २३ माणसं एका खोलीत कोंबली तर त्यांतल्या निदान दोघांचा वाढदिवस एकच निघण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. हा साधा गणिताचा हिशेब आहे, नियतीचा यात हात नाही.

आणि महाराष्ट्रात तर २३ माणसंही लागत नाहीत. चाळीस वर्षांपूर्वीचा कुठल्याही खेडेगावातला सातवीचा वर्ग घ्या. चार-पाच मुलं उठली तरी पुरे.

पाठ पाचवा : जन्म

आता मुख्य विषयाकडे येऊ. १ जूनला जन्मलेल्या थोर व्यक्तींची यादी करायला बसाल तर तुमच्या लक्षात येईल की आपल्या ओळखीचे अर्धेअधिक लोक त्या दिवशी जन्मले आहेत. मामा, शेजारचे तलाठी, बँकेतले साहेब, सरपंच, कवी, गावचे पोलीस पाटील. एखाद्या जिल्ह्यातल्या सगळ्या मुलांनी ठरवून एका दिवशी जन्म घ्यावा असा चमत्कार जगात इतर कुठल्या थोर पुरुषाच्या बाबतीत घडलेला नाही.

हा चमत्कार करणारा माणूस शाळेच्या पडवीत खुर्ची टाकून बसलेला असायचा. त्याच्यापुढे जनरल रजिस्टर उघडं. जूनचा महिना, पाटी-दप्तर नसलेलं पोर आईच्या पदराला धरून उभं. गुरुजी विचारायचे, ‘कधीचा?’ आई सांगायची, ‘दुष्काळाच्या साली. पेरण्या झाल्या होत्या.’ किंवा ‘थोरल्या दिराच्या लग्नाच्या आदल्या वर्षी, आखाडात.’ ही माहिती चुकीची नव्हती. उलट फार नेमकी होती. पाऊस, पीक, नातं, सगळं तिच्यात होतं. पण रजिस्टरात त्यासाठी रकाना नव्हता. रकाना होता दिनांक, महिना, सन यांचा.

मग परीक्षा. ‘उजवा हात डोक्यावरून ने, डावा कान धर.’ कान हाताला लागला तर पोर सहा वर्षांचं. नाही लागला तर पुढच्या वर्षी या. लागला की गुरुजी चालू सालातून सहा वजा करायचे, सन लिहायचे आणि दिवस-महिन्याच्या जागी न थांबता १ जून. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू व्हायचं, त्यामुळे १ जूनला जन्मलेलं मूल प्रवेशाच्या दिवशी अगदी नियमात बसायचं, ना एक दिवस कमी, ना जास्त. साहेब तपासणीला आले तरी बोट ठेवायला जागा नाही. टाक दौतीत बुडवून गुरुजींनी त्या पोराला जो वाढदिवस दिला, तो शाळा सोडल्याच्या दाखल्यावर गेला, तिथून नोकरीच्या सेवापुस्तकात, तिथून पॅन कार्डावर आणि पासपोर्टावर. आज त्याच्या नातवाने मोबाइलमध्ये तो भरला आहे, आणि बँक दर १ जूनला त्याला न चुकता शुभेच्छा पाठवते.

मुलींचं थोडं वेगळं. जिला शाळेतच घातलं नाही तिला १ जूनही मिळाला नाही. तिची जन्मतारीख पुढे कधीतरी मतदार यादीसाठी, रेशन कार्डासाठी अंदाजाने लिहिली गेली. आता आधार कार्डाने या वर्गाची वेगळी सोय केली आहे. नुसतं वय सांगितलं की यंत्र १ जानेवारी धरतं. त्यामुळे येत्या काही वर्षांत १ जानेवारीही १ जूनच्या बरोबरीला येईल. दिनविशेषकारांनी आतापासून तयारी ठेवावी.

नवशिक्याने या पाठातून एक व्यावहारिक गोष्ट घ्यावी. १ जूनचा दिनविशेष ३१ मेच्या सायंकाळी पाठवू नये, कुणी वाचणार नाही. सेवानियमाप्रमाणे ज्याचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा, तो आधीच्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. राज्य सरकारी नोकरीत बहुतेकांना वय ५८. म्हणजे गुरुजींनी एका दमात १ जूनवर जन्माला घातलेली अख्खी पिढी ३१ मेला एका दमात घरी जाते. त्या दिवशी जिल्हा परिषदेपासून एसटीच्या आगारापर्यंत शाल, श्रीफळ आणि फरसाणाच्या बशा फिरत असतात, वक्ते तेच, भाषण तेच, सत्कारमूर्ती बदलत राहतात. काही कचेऱ्यांत १ जूनला सकाळी टपाल घ्यायला माणूस उरत नाही. असा परिणाम घडवून आणणारी दुसरी ऐतिहासिक घटना मला १ जूनच्या यादीत दिसत नाही. देवेगौडांचं सरकारसुद्धा वर्षभरही टिकलं नव्हतं.

पाठ सहावा : जागतिक दिन

प्रत्येक तारखेला एक जागतिक दिन असतो, तो शेवटी टाकायचा. १ जून हा २००१ पासून जागतिक दूध दिन. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने ठरवलेला. पेल्याचं चित्र लावा आणि पुढे चला.

पण पुढे जाण्याआधी २०१७ ची नोंद बघा. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या ग्रामसभेने एप्रिलमध्ये ठराव केला होता, की खरिपाच्या तोंडावर शेतकरी संपावर जातील. शहराला भाजी नाही, दूध नाही. तारीख ठरली १ जून. (पहिलीच. संप करणाऱ्यांनाही हिशेब नीट लागतो.) त्या सकाळी राज्यभर टँकर अडवले गेले आणि रस्त्यारस्त्यांवर दूध ओतलं गेलं. जागतिक दूध दिन महाराष्ट्रात इतक्या मोठ्या प्रमाणावर ना आधी साजरा झाला, ना नंतर. त्याच महिन्यात सरकारने ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली. दिनविशेषात या दोन ओळी एकाखाली एक येतात आणि एकमेकींकडे बघतही नाहीत. त्या तशाच ठेवा. वाचकाने जोडल्या तर त्याचं पुण्य.

पाठ सातवा : जागा कुणाला द्यायची

चौकट लहान, म्हणून कात्री लागते. कात्री चालवण्याची रूढ पद्धत अशी : फोटो मन्रोला, ठळक ओळ डेक्कन क्वीनला, कडेला दूध. बाकीचे जागा उरली तर. सत्येंद्रनाथ टागोरांना ‘पहिले भारतीय आयसीएस अधिकारी’ एवढ्या चार शब्दांत गुंडाळायचं. हा बंगाली माणूस मुंबई इलाख्यात आयुष्यभर नोकरी करून साताऱ्याचा न्यायाधीश म्हणून निवृत्त झाला, तुकोबांचे अभंग बंगालीत घेऊन गेला, आणि धाकट्या रवींद्रला इंग्रजी वळण लागावं म्हणून मुंबईला आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी ठेवलं. यातलं काहीही मराठी दिनविशेषात येत नाही. साताऱ्याचा माणूस असता तर आलं असतं.

आणि १९५५. संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली ती १९५० साली. पण विहिरीवर, देवळात, हॉटेलात कुणी अडवलं तर त्याला शिक्षा काय, हे सांगणारा देशाचा कायदा यायला पाच वर्षं गेली. तो या तारखेपासून लागू झाला. १९७६ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन तो नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. या यादीतली एवढी एकच ओळ अशी आहे की जिच्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी कोट्यवधी माणसं पाणी भरायला जाताना कायदा त्यांच्या बाजूने उभा होता, निदान कागदावर. दिनविशेषाच्या चौकटीत ती सहसा दिसत नाही. हरकत घ्यायची असेल तर संपादक सांगतील, ‘अहो, जागा कुठे आहे? इंजिनाचा केक आहे ना.’ माझं मत विचाराल तर केक काढा.

गृहपाठ

तुमच्या घरात किंवा आळीत दाखल्यावर १ जून असलेलं एखादं वडीलधारं माणूस नक्की सापडेल. त्यांच्याकडे वही घेऊन बसा. आई काय सांगायची ते विचारा : पाऊस होता का, कुठल्या सणाच्या आगेमागे, घरात तेव्हा कोण वारलं होतं, कुणाचं लग्न ठरलं होतं, नदीला पूर आला होता की विहीर आटली होती. सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. सगळं लिहून झाल्यावर तारखेचा रकाना तेवढा कोरा राहील. तो भरू नका.